धडकेचा निर्णय आणि बातमीतून गायब असलेला नियम

डाव्या विंगवरून

बरेच दिवस मनात साचलेलं आज लिहून टाकतो. मी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा पाठीराखा आहे, हे आधीच सांगतो. पुढचं वाचताना त्याची वजावट ज्याने त्याने करावी.

१७ ऑक्टोबर २०२०, गुडिसन पार्क, लिव्हरपूल विरुद्ध एव्हर्टन, म्हणजे मर्सीसाइड डर्बी. सामना सुरू होऊन पाच-सहा मिनिटं झाली होती. एव्हर्टनचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड पाय कात्रीसारखे उघडून आमच्या व्हर्जिल व्हॅन डाइकच्या उजव्या गुडघ्यावर आदळला. मैदानावर रेफ्री मायकेल ऑलिव्हर, व्हीएआरच्या, म्हणजे चित्रफितीवरून निर्णय तपासणाऱ्या पंचाच्या, खोलीत डेव्हिड कूट. व्हॅन डाइक ऑफसाईड (नियमबाह्यरीत्या बचावफळीच्या पुढे) होता का, हे तपासलं गेलं. होता. म्हणून पेनल्टी नाही. पिकफर्डला पिवळं कार्डसुद्धा नाही. व्हॅन डाइक लंगडत बाहेर गेला तो हंगाम संपेपर्यंत परत आला नाही, गुडघ्याचा लिगामेंट गेला होता. त्याच सामन्याच्या शेवटी आमच्या थियागोवरच्या टॅकलसाठी एव्हर्टनच्या रिचार्लिसनला मात्र लाल कार्ड मिळालं. सामना २-२.

निर्णय चुकला याचं दुःख आहेच. पण निर्णय चुकतात, माणसं घेतात म्हणून चुकतात. माझा राग वेगळा आहे. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी हाताला लागेल ते वाचलं, दिसेल ती चर्चा ऐकली. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: खेळाडू ऑफसाईड असेल तर त्याला धोकादायक रीतीने उडवणाऱ्याला लाल कार्ड देता येतं की नाही? एका बातमीत म्हटलं होतं की लाल कार्डाचा विचार झाला, दुसरीत म्हटलं होतं की ऑफसाईडमुळे तो झालाच नाही. पण नियम काय म्हणतो हे सांगणारी ओळ मला शोधून शोधून सापडली नाही. शेवटी मी नियमपुस्तक उघडलं. देता येतं. ऑफसाईडमुळे पेनल्टी जाते. समोरच्याच्या जिवाशी खेळल्याचा गुन्हा त्यामुळे माफ होत नाही. पुढे ऑलिव्हर यांनी स्वतःच एका मुलाखतीत मान्य केलं की ऑफसाईड देऊनही पिकफर्डला बाहेर काढता आलं असतं, आणि त्या क्षणी सगळे ऑफसाईडच्याच प्रश्नात अडकले होते.

म्हणजे नियम एका वाक्याचा होता. तेवढं वाक्य छापायला कुणाला वेळ मिळाला नाही. त्याऐवजी आम्हाला व्हॅन डाइकचा वेदनेने वाकडा झालेला चेहरा मिळाला, दोन्ही प्रशिक्षकांची विधानं मिळाली आणि समाजमाध्यमांवर कोण किती भडकलं याची यादी मिळाली.

तुमचे अनुभव लिहा. फक्त आपल्या क्लबच्या बाजूने लागलेले निर्णयही लिहा, ही विनंती.

रेड डेव्हिल ठाणे

विनंती मान्य. मी मँचेस्टर युनायटेडवाला, आणि आमच्या पदरात पडलेला निर्णय सांगतो.

१४ ऑगस्ट २०२३, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर वुल्व्ह्‌ज. आम्ही १-० ने पुढे. भरपाईच्या वेळेत एक क्रॉस आला, आमचा गोलकीपर आंद्रे ओनाना पुढे झेपावला, चेंडू त्याच्या हाती लागला नाही आणि तो सरळ त्यांच्या साशा कलाईजिचवर जाऊन आदळला. रेफ्री सायमन हूपर यांनी खेळ चालू ठेवला, व्हीएआरने त्यांना पडद्याकडे बोलावलं नाही. ती पेनल्टी होती. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. तक्रार केली म्हणून वुल्व्ह्‌जच्या प्रशिक्षक गॅरी ओनील यांना पिवळं कार्ड मिळालं, आणि सामना संपल्यावर पंचांच्या संघटनेतर्फे जॉन मॉस यांनी त्यांचीच माफी मागितली. पुढच्या आठवड्यात त्या पंचांना सामने दिले गेले नाहीत.

त्यानंतरची बातमी फक्त माफीची होती. माफी कुणी मागितली, कशी मागितली, पंचांना घरी बसवलं. ही पेनल्टी का होती, हे कुणी समजावलं? समालोचक नेहमी म्हणतो, 'गोलकीपर आहे, तो येणारच.' येऊ दे की. पण चेंडू न मिळवता माणसाला उडवलं तर गोलकीपरला नियमात वेगळी सूट कुठे आहे? बचावपटूने तसंच केलं असतं तर आपण एका सुरात पेनल्टी ओरडलो असतो. माझ्या ऑफिसातल्या तीन मित्रांना आजही वाटतं की गोलक्षेत्रात गोलकीपरला धडक माफ असते. त्यांना ते कुणी शिकवलं? आम्ही सगळे सामने बघतच शिकलो.

पूर्वगॅलरी

दोघांशी सहमत. आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की गॅलरीतला प्रत्येक माणूस रेफ्री असतोय. लहानपणापास्नं ऐकत आलोय, 'आधी बॉलला लागलंय, फाऊल न्हाई.' टीव्हीवरचा तज्ज्ञ पण तेच म्हणतोय. खरं काय ते शिट्टीवाला सरांनी सांगावं. ते इथं आहेत न्हवं?

शिट्टीवाला

आहे. स्थानिक स्पर्धांमध्ये पंचगिरी करून बरीच वर्षं झाली. सविस्तर लिहितो, कारण हाच विषय घरी बायकोमुलांना समजावून थकलो आहे.

'आधी चेंडूला लागलं' हे शब्द नियम १२ मध्ये, म्हणजे फाऊलच्या नियमात, नाहीत. चेंडू आधी खेळला ही गोष्ट पंच विचारात घेतो, पण तेवढ्याने सुटका होत नाही. चेंडू खेळून त्याच झपाट्यात समोरच्याचा पाय मोडला तर तो फाऊलच, आणि बहुधा लाल कार्ड. 'मुद्दाम केलं नाही' हा दुसरा गैरसमज. धडकेच्या बाबतीत पंचाने हेतू ओळखायचा नसतो. त्याने तीन पायऱ्या पाहायच्या असतात. खेळाडू निष्काळजी होता, म्हणजे समोरच्याचा विचार न करता गेला, तर नुसता फाऊल, कार्ड नाही. बेदरकार होता, म्हणजे समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा केली नाही, तर पिवळं. अवाजवी ताकद वापरली किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात घातली, तर लाल. आणि दोघंही चेंडूसाठी रीतसर गेले आणि आदळले, तर काहीच नाही. रक्त आलं तरी काही नाही.

ही शेवटची गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही. दुखापत किती झाली यावर रंग ठरत नाही. ३ नोव्हेंबर २०१९ चा एव्हर्टन–टॉटनहॅम सामना आठवा. टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनने एव्हर्टनच्या आंद्रे गोमेसला मागून पाडलं. पडताना गोमेस सर्ज ऑरिएवर आदळला आणि त्याचा घोटा भयंकर रीतीने मोडला. रेफ्री मार्टिन ॲटकिन्सन यांनी आधी पिवळं काढलं होतं. घोटा पाहिल्यावर ते लाल झालं. नंतर इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या समितीने ते लाल कार्ड रद्द केलं. टॅकल पिवळ्याचं होतं आणि घोट्याचं जे झालं ते दुर्दैव होतं. पत्रकारांना नियम शिकवायला याहून चांगली संधी कोणती असेल? पण बातम्या आल्या त्या सोनच्या रडण्याच्या. सोनचं दुःख खरं होतं, ते दाखवायलाच हवं होतं. त्याच्या शेजारी दोन ओळी नियमाच्या का नसाव्यात?

आता माझं. नाव-गाव सांगत नाही. एका सामन्यात फॉरवर्ड आणि गोलकीपर दोघंही हवेतल्या चेंडूसाठी उडाले, डोकी आपटली. मी खेळ थांबवला, दोघांना तपासून घेतलं, ड्रॉप बॉलने, म्हणजे स्वतः चेंडू टाकून, सुरू केला. निर्णय बरोबर होता, आजही तोच देईन. संध्याकाळपर्यंत नऊ सेकंदांची क्लिप फिरत होती, संथ केलेली. संथ गतीत गोलकीपरचा गुडघा असा काही वर येताना दिसत होता की मलाच क्षणभर शंका आली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं, 'पंचांच्या निर्णयामुळे गोंधळ'. मला कुणाचा फोन आला नाही. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने तो पेपर शाळेत वाचला.

मांडवीकाठ

शिट्टीवाला, तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. मी पणजीची. आमच्याकडे हा विषय निघाला की एकच नाव येतं.

५ डिसेंबर २००४, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, आमचा गोव्याचा धेंपो क्लब विरुद्ध मोहन बागान. आमचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर. त्याने दुसरा गोल मारला त्याच क्षणी पुढे आलेल्या गोलकीपरशी त्याची धडक झाली आणि तो खाली कोसळला. पुन्हा उठला नाही. धेंपो २-० ने जिंकलं, दोन्ही गोल त्याचे. त्या रात्री आमच्या वाड्यावर कुणी फटाके लावले नाहीत. धेंपोने त्याची १० नंबरची जर्सी नंतर कुणाला दिली नाही.

आणि मोहन बागानचा तो गोलकीपर? सुब्रत पॉल. अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून तीन आठवडे होते. महासंघाने त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित केलं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्या मुलाचा मनापासून द्वेष करत होते, कारण मला टीव्हीने दर दहा मिनिटांनी तीच धडक दाखवली. तोच हात, तीच छाती, पुन्हा पुन्हा. धडक फाऊल होती का, कुठल्या पायरीची होती, पुढे आलेल्या गोलकीपरकडून काय अपेक्षा असते, यावर कुणी बोललं नाही. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय कशी होती, हा प्रश्न विचारला गेला, पण हळू आवाजात. खरं तर पहिल्या पानावर तोच हवा होता. पाच-पन्नास हजार लोक सामना बघायला येतात तिथे हृदय बंद पडलं तर पहिल्या दोन मिनिटांत कोण धावणार? या प्रश्नाला चेहरा नव्हता. त्या मुलाला होता.

पुढे सुब्रत पॉल भारताचा गोलकीपर झाला. २०११ च्या आशिया कपात त्याने गोलामागून गोल अडवले तेव्हा माझा भाऊ टाळ्या वाजवत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण एका पोराला सहा वर्षं खुनी समजत होतो, तेही एका क्लिपवरून.

डाव्या विंगवरून

मांडवीकाठ, धन्यवाद. हे लिहायला सोपं गेलं नसणार.

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूचा आहे. एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर अकरा वर्षं काढली. तुमचा राग रास्त आहे, पण आत काय घडतं तेही कळू दे.

युरोपातला सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपतो. पान सोडायची वेळ त्याआधीची. एजन्सीची इंग्रजी कॉपी येते, तिचं मराठी करायला वीस मिनिटं आणि जागा एकशे वीस शब्दांची. त्या कॉपीत 'वादग्रस्त' असा शब्द असतोच. आम्ही तो उचलतो. वाद नेमका कशाचा हे कॉपीतच नसतं, तर मी कुठून आणू? अकरा वर्षांत आमच्या डेस्कवर क्रिकेटच्या नियमांची प्रत होती, फुटबॉलची नव्हती. मी स्वतः नियम १२ पूर्ण वाचला तो नोकरी सोडल्यावर.

एक कबुली. 'पंचांच्या निर्णयामुळे गोंधळ' या घाटणीचे मथळे मी कितीतरी दिले आहेत. असा मथळा सुरक्षित वाटतो, कारण त्यात कुणाची बाजू घेतल्यासारखं दिसत नाही. प्रत्यक्षात तो पंचाच्या विरोधातच असतो. गोंधळ घालणारे प्रेक्षक असतात, आणि वाक्याचा कर्ता पंच होतो. शिट्टीवाला, तुमची बातमी माझी नव्हती, पण तशी बातमी मी केली आहे. माफ करा.

शिट्टीवाला

अहो, माफी कशाला. तुम्ही लिहिलंत हेच खूप झालं. मुलीला हा धागा दाखवतो.

लेस्टरकर

इंग्लंडात दहा वर्षं राहतो. इथे जागेची आणि वेळेची अडचण नाही, स्टुडिओत तास-तास बसतात. तरीही तीच गत. टेबलाभोवती चार माजी खेळाडू असतात आणि 'तू असा पाय टाकला असतास का' एवढाच निकष.

सप्टेंबर २०१७ चं सांगतो. मँचेस्टर सिटीविरुद्ध लिव्हरपूलच्या सादिओ मानेचा उंच उचललेला बूट सिटीचा गोलकीपर एडरसनच्या चेहऱ्यावर लागला. रेफ्री जॉन मॉस यांनी लाल कार्ड दिलं. माने चेंडूकडे बघत होता, गोलकीपर दिसलाच नाही, यावर आठवडाभर वाद. दुसऱ्याच दिवशी स्वान्सीत न्यूकॅसलच्या मॅट रिचीचा बूट आल्फी मॉसनच्या चेहऱ्याजवळ तसाच गेला, आणि पिवळं मिळालं. लगेच 'सातत्य कुठे आहे' अशी ओरड सुरू झाली. दोन्ही टॅकल शेजारी ठेवून कुणी म्हणायला हवं होतं की बघा, वेग इतका, अंतर इतकं, इथे धोका जास्त किंवा इथे सारखाच, म्हणून एक निर्णय चुकला. चूक कोणता हे तरी सांगा! 'सातत्य नाही' म्हटलं की दोन्हींपैकी एकाचाही अभ्यास करावा लागत नाही.

शिट्टीवाला यांच्या संथ गतीच्या मुद्द्यावर. बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ८८ पंचांना फाऊलच्या चित्रफिती दाखवल्या, काहींना साध्या वेगात, काहींना संथ. फाऊल आहे की नाही हे ओळखण्यात फारसा फरक पडला नाही. पण संथ पाहणाऱ्यांनी कार्डं जास्त कडक दिली. हे प्रशिक्षित पंचांचं झालं, आपलं काय होत असेल? व्हीएआरच्या नियमावलीतही म्हटलं आहे की संथ गती वापरायची ती धक्का कुठे लागला यासारख्या गोष्टींसाठी, आणि टॅकलची तीव्रता जोखायची ती साध्या वेगात. टीव्ही नेमकं उलट करतो. आधी संथ, मग त्याहून संथ, मग गोठवलेलं चित्र आणि त्यावर लाल वर्तुळ. गोठवलेल्या चित्रात प्रत्येक बूट खुनीच दिसतो.

पंच आणि व्हीएआर यांचं बोलणं थेट ऐकवायला नियम मंडळाची परवानगी नाही. पंचांच्या संघटनेचे हॉवर्ड वेब २०२३ पासून काही प्रसंगांचं ध्वनिमुद्रण नंतर ऐकवतात. तेवढं ऐकलं तरी कळतं की आतली माणसं कुठल्या शब्दांत विचार करतात. माझी इच्छा एवढीच की ते शब्द समालोचनात यावेत.

अनुस्वार

मला एक निराळी गोष्ट खुपते. धडकेची बातमी किस्सा होऊन जाते.

१३ जुलै २०१४, माराकाना, विश्वचषकाची अंतिम लढत. जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या एझेकिएल गरायच्या खांद्याला आदळला. डोक्याला मार बसला, तरी तो एकतिसाव्या मिनिटापर्यंत खेळत राहिला. मध्येच त्याने रेफ्री निकोला रिझोली यांना विचारलं की हा अंतिम सामनाच आहे ना. रिझोली यांनी हे संघाला कळवलं आणि त्याला बाहेर घेतलं. ही गोष्ट जगभर छापली गेली ती हसत हसत. विश्वचषकाची फायनल विसरलेला खेळाडू! मी मेंदूविकारांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मेंदूला मार लागलेला माणूस चौदा मिनिटं मैदानात पळत होता, दुसरी धडक बसली असती तर काय झालं असतं?

रायन मेसनचं उदाहरण समोर आहे. जानेवारी २०१७ मध्ये गॅरी केहिलशी डोकं आपटून त्याची कवटी फुटली आणि पुढच्या वर्षी त्याला खेळणं सोडावं लागलं. त्या धडकेत कुणाचा गुन्हा नव्हता. निर्णय काहीच नसतो तिथेही सांगण्यासारखं खूप असतं. डोक्याच्या दुखापतीसाठी जादा बदली खेळाडूची सोय २०२१ पासून प्रयोग म्हणून आली आणि २०२४ मध्ये नियमात गेली. ती का आली, हे किती प्रेक्षकांना सांगितलं गेलं?

पूर्वगॅलरी

त्याच फायनलमधली जर्मनीच्या गोलकीपरची, नॉयरची धडक कुणी काढली कशी न्हाई अजून? माझा तर त्या दिवसापास्नं जर्मनीवर राग हाय.

शिट्टीवाला

बरं झालं आठवण काढलीत. सगळ्यांना एक काम देतो. दुसरं सत्र, गोलशून्य बरोबरी, लांबून आलेल्या चेंडूमागे अर्जेंटिनाचा गोन्सालो इग्वाइन पळतोय, चेंडू त्याच्या मागून येतोय. मान्युएल नॉयर पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत धावत येतो, उडी मारून चेंडूला ठोसा देतो, आणि वर उचललेला गुडघा इग्वाइनच्या डोक्या-मानेवर बसतो. रिझोली यांनी फाऊल इग्वाइनविरुद्ध दिला. तेव्हा व्हीएआर नव्हता.

आधी साध्या वेगात बघा. एकदाच. मग लिहा: फाऊल कुणाचा, कुठल्या पायरीचा. दुखापत, हेतू, 'आधी चेंडू', यांतलं काही चालणार नाही.

रेड डेव्हिल ठाणे

पाहिलं. दोघंही चेंडूसाठी गेले. फाऊल नाही, खेळ चालू.

लेस्टरकर

नॉयर, निष्काळजी. पेनल्टी, कार्ड नाही. त्याने चेंडू स्वच्छ खेळला हे खरं, पण समोर माणूस आहे हे त्याला दिसत होतं.

मांडवीकाठ

मी गोलकीपरच्या बाजूने बघायचं ठरवून बघितलं. तरी माझं उत्तर नॉयरच येतंय. पिवळं.

अनुस्वार

पिवळं. तो गुडघा मानेवर बसला आहे. दुखापत धरायची नाही हे लक्षात ठेवूनच म्हणते, धोका आधीच दिसत होता.

पूर्वगॅलरी

लाल म्हणणार होतो. इतकी वर्षं लालच म्हणत आलोय, कारण मी ते कायम संथ गतीतच बघितलंय. आज साध्या वेगात पहिल्यांदाच बघितलं. पिवळं.

शिट्टीवाला

माझंही तेच. बेदरकार, पेनल्टी आणि पिवळं. इग्वाइनने काय केलं म्हणून फाऊल त्याच्यावर, हे मला आजवर कळलेलं नाही. रेड डेव्हिल, तुमचं 'खेळ चालू' मी चूक म्हणणार नाही, पण एकदा इग्वाइन कुठे बघतोय तेवढं पाहा आणि परत लिहा.

रेड डेव्हिल ठाणे

पाहिलं. तो मागे वळून चेंडूकडे बघतोय, नॉयर त्याला दिसलाच नाही. 'दोघंही रीतसर गेले' हे माझं वाक्य मागे घेतो. निष्काळजी, पेनल्टी. पिवळ्यापर्यंत अजून येत नाही.

रात्रपाळी

त्या रात्री पान माझ्याकडे होतं. आमच्या बातमीत या धडकेचा उल्लेखच नव्हता. आज लिहायची असती तर पहिली ओळ इग्वाइन कुठे बघत होता याची लिहिली असती.